मराठी मेसेजला तिप्पट भाडं

बँकेकडून आलेला शेवटचा एसएमएस उघडून पाहा. रकमेच्या आधी ₹ हे चिन्ह बहुधा दिसणार नाही. तिथे रोमन लिपीत 'आरएस' किंवा 'आयएनआर' असेल. उदयकुमार यांनी रेखाटलेलं हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१० मध्ये मंजूर केलं. ते नाण्यांवर आलं, नोटांवर आलं, वाण्याच्या पाटीवर आलं. बँकेच्या मेसेजात मात्र त्याला अजून जागा नाही, कारण ते एक चिन्ह घातलं की अख्ख्या मेसेजचा हिशेब बदलतो आणि बिल वाढतं.

हा हिशेब युरोपात ठरला. १९८५ च्या सुमारास फ्रिडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर नेहमीच्या बोलण्यातली वाक्यं टाइप करून मोजली आणि १६० अक्षरं माणसाला पुरतात, असा निष्कर्ष काढला. मोबाइलच्या जाळ्यात फोन जोडण्याच्या सूचनांसाठी एक वाट आधीच होती. तिच्या मोकळ्या जागेत एका वेळी ११२० बिट मावत. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६०. या ७ बिटांच्या अक्षरसंचात पौंड, डॉलर आणि येन होते, युरोपीय भाषांची टोपीवाली अक्षरं होती, काही ग्रीक अक्षरंसुद्धा होती. देवनागरीचं एकही नव्हतं. संचाबाहेरचं एक जरी चिन्ह आलं, तरी सगळा मेसेज १६ बिटांच्या मापाने मोजला जातो आणि मर्यादा ७० वर येते.

'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' घ्या. काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षरात दडलेला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. मधल्या जागा धरून २९ होतात. हेच रोमन लिपीत टाइप केलं तर ३१ च्या आसपास. म्हणजे मराठी लांबलचक आहे, ही सबब टिकत नाही. मजकूर तेवढाच, पण एकीकडे १६० पैकी ३१ खर्ची पडले, दुसरीकडे ७० पैकी २९. ७० ओलांडले की मेसेजचे तुकडे पडतात. ते जोडायची खूण ठेवण्यात थोडी जागा जाते, म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ उरतात. जितके तुकडे तितके पैसे.

ज्या काळात मेसेजला पैसे पडत, तेव्हा दिवाळी-पाडव्याला तर स्वस्त पॅकही चालत नसे. प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण दर लागे. त्यातून समोरच्याच्या हँडसेटवर देवनागरीऐवजी चौकोन उमटण्याची धास्ती. अशा वेळी लोकांनी 'शुभ दीपावली' रोमन अक्षरांत लिहिलं, आणि व्यासपीठावरून त्यांना ऐकवलं गेलं की मराठी माणसाला स्वतःच्या लिपीचा अभिमान उरलेला नाही. हा आरोप मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. पुढे व्हॉट्सॲपवर अक्षरं मोजायचं कारण उरलं नाही, फोनमध्ये मराठी कीबोर्ड आले, आणि त्याच माणसांनी सकाळ-संध्याकाळ देवनागरीचा पूर आणला. अभिमान तोच होता, पैसे पडायचे थांबले.

तांत्रिक उपाय निघाला नाही, असंही नाही. तुर्कीच्या पाठोपाठ, २००९ च्या सुमारास, दहा भारतीय भाषांसाठी ७ बिटांचे वेगळे तक्ते आंतरराष्ट्रीय मानकात आले. हिंदीच्या तक्त्यावर मराठीचंही बरंचसं भागलं असतं आणि मर्यादा पुन्हा १६० च्या जवळ गेली असती. पण पाठवणारा आणि घेणारा, दोन्ही फोनांना तो तक्ता माहीत हवा. फोन बनवणाऱ्याने तो बसवला म्हणून त्याचा एकही फोन जास्त खपणार नव्हता. मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीला तर एका मेसेजचे दोन-तीन लावता येत होते, ते सोडून द्यावे लागले असते. तेवढ्यात फुकट मेसेजची ॲप आली आणि तक्ते कागदावर राहिले.

जुनी गोष्ट म्हणून मी हे सोडून दिलं असतं. पण ओटीपी, खात्यातून कापलेली रक्कम, कर्जाचा थकलेला हप्ता, फसवणुकीपासून सावध राहायची सूचना हे सगळं आजही एसएमएसनेच येतं, आणि ठोक मेसेजचा दर आजही तुकड्यावर लागतो. १५० अक्षरांची सूचना इंग्रजीत एका मेसेजात बसते, मराठीत तिचे तीन होतात. लाखो ग्राहकांना पाठवणारी संस्था कोणती भाषा निवडेल, हे सांगायला नको. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे तो निदान ॲप उघडून पाहील. बटणांचा फोन वापरणाऱ्या आजीला एसएमएसशिवाय दुसरं काही मिळत नाही, आणि 'हा क्रमांक कुणालाही सांगू नका' ही ओळ तिला न वाचता येणाऱ्या भाषेत येते. मग ती फोनवरच्या भामट्याला तो आकडा वाचून दाखवते. मेसेजमागच्या काही पैशांची बचत बँकेची होते, नुकसान आजीचं होतं.

हे टाळण्यासाठी नवं तंत्रज्ञान नको, दरपत्रक बदलायला हवं. भारतीय लिपीतला १६० अक्षरांपर्यंतचा मेसेज एकच धरावा, असं दूरसंचार नियामक ट्रायने ठरवावं. सरकारने तोवर थांबू नये. आपल्या खात्यांच्या आणि महामंडळांच्या एसएमएस निविदांमध्ये तीच अट घालावी. आणि तुम्ही एखाद्या पतसंस्थेच्या, सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर असाल, तर पुढच्या बैठकीत एसएमएसचा करार मागवून घ्या. दर मेसेजमागे आहे की तुकड्यामागे, ते विचारा, आणि तुकड्यामागे असेल तर सही करू नका.