शेजारचं सुतक

इंग्लंडात, सफोकमधल्या आमच्या शेजारच्या साहेबांनी पहिल्यांदा बेल वाजवली ती पडलेल्या चेहऱ्याने. "थॉमस गेला," म्हणाले. मी चहाचा कप खाली ठेवला, सांत्वनाचे दोन शब्द बोललो आणि कधी गेले, विचारलं.

"१७४२ मध्ये. देवी आल्या असाव्यात."

आतून बायकोचा आवाज : "अहो, आंघोळ करायची का?"

वंशावळ खणणारे म्हातारे तुम्हाला काही नवीन नाहीत. पण आपल्याकडचा खणत खणत निदान पेशव्यांच्या पागेपर्यंत तरी पोचतो. साहेब जिथे खणतील तिथे शेतमजूर. जुन्या खानेसुमारीत 'अ‍ॅग लॅब' एवढंच खरडलेलं असतं. ते दिसलं की साहेबांना सरदारकी मिळाल्याचा आनंद. त्यात नावं मोजून तीन : जॉन, विल्यम, थॉमस. तान्हा थॉमस गेला की पाठच्याचंही नाव थॉमस. त्यामुळे थॉमस आमच्या शेजारी आजवर नऊ वेळा वारला.

आणि हा साठा संपणारा नाही. १५३८ मध्ये राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने (हा आणखी एक थॉमस!) फर्मान काढलं, की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत मांडावं. १८३७ पासून सरकारही जन्ममृत्यू नोंदवू लागलं. म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षांचं सुतक!

एकदा साहेब मला जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात घेऊन गेले. दारातच माझं पेन काढून घेतलं. आत फक्त पेन्सिल. जुनी वही स्पंजच्या उशीवर निजवलेली, पानावर शिसं भरलेली कापडी माळ. मी एका नोंदीवर बोट ठेवलं : "हे चुकलंय. बाप्तिस्मा डिसेंबर १७२० आणि दफन फेब्रुवारी १७२०?"

"तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं," साहेब पुटपुटले. "अडीच महिन्यांचा होता हो!" आणि रुमाल काढला. मला घरी जाऊन पुन्हा आंघोळ.

माणसांचं सोडा, साहेब कागदांचंही सुतक पाळतात. खानेसुमारीतली नावं शंभर वर्षं कुलपात असतात. १९२१ ची २०२२ मध्ये उघडली. १९३१ ची १९४२ च्या आगीत जळाली; तो विषय निघाला की साहेबांना जेवण जात नाही. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. राहिली १९५१ ची, ती २०५२ मध्ये. साहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. "थांबतो की," म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या टेबलावर एक वेगळी वही दिसली. 'एक वाटसरू बाई.' 'नदीत सापडलेला अनोळखी पुरुष.' 'गरीब पोर, नाव ठाऊक नाही.' दफनाच्या नोंदींतून उतरवून काढलेले. यांचं साहेबांशी काडीचं नातं नाही.

"हे कशाला?" मी विचारलं.

"यांना शोधत कोण येणार?" ते म्हणाले. मग, चेष्टेत नव्हे, साधंच विचारलं, "तुमच्या पणजीचं नाव काय?"

सगळे 'बायजी' म्हणायचे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं असणार, ते मला ठाऊक नाही. माहेरचं तर कुणालाच नाही. साताऱ्याकडची, एवढं सांगता आलं.

साहेबांनी वहीत खाली एक ओळ लिहिली : 'एक बाई, साताऱ्याकडची.' पेन्सिलीने. "नाव सापडलं की खोडू," म्हणाले.

त्या दिवशी घरी आलो आणि बायकोने काही विचारायच्या आत आंघोळीला गेलो.