शंभर मोहरांचा हिंदकेसरी

तुम्ही जोर-बैठका मारायच्या आणि अंग भरायचं समोरच्या गड्याचं. थंडाई तुम्ही प्यायची, ढेकर त्याने द्यायचा. असली तालीम मुरगुडात निघाली, तर वस्तादाकडे एक तरी पोरगं फिरकेल का?

कॉम्प्युटर गेमवाल्यांनी ती कधीच काढली आहे. वर पैसेही घेतात.

‘एनिमी लेव्हल स्केलिंग’ म्हणतात तिला. रोल-प्लेइंग गेममध्ये तुमचा हिरो राक्षस मारतो, अनुभव कमावतो, एकाची दहा लेव्हल करतो. आता परवा ज्या लांडग्याने पळवून लावलं त्याचा हिशोब चुकता करावा म्हणून परत जावं, तर लांडगाही दहाव्या लेव्हलवर! त्याने मेहनत कधी केली, हे विचारायचं नाही.

या प्रकाराचा मानाचा नमुना म्हणजे बेथेस्डा कंपनीचा 2006 सालचा ‘ऑब्लिव्हियन’. सुरुवातीला वाटमारे साध्या कातडी चिलखतात येतात. तुम्ही वर चढलात की तेच वाटमारे काचेच्या चिलखतात. त्या दुनियेत काचेचं चिलखत म्हणजे गर्भश्रीमंती. अंगावर हजारो मोहरांचा माल घालून हा गडी झुडपातून बाहेर येतो आणि मागतो किती? शंभर मोहरा.

हिंदकेसरीने शंभराच्या नोटेसाठी निपाणी रस्त्याला एसटी अडवावी, तसं.

अरे, ते चिलखत वीक आणि चार एकर ऊस कर की!

खरे हाल वेगळ्यांचेच. गोड बोलून आणि कुलपं उघडून ज्यांनी लेव्हल वाढवली, त्यांचे. त्यांची जीभ धारदार झाली, शत्रूची मात्र तलवार. गोड बोलून माणूस वर चढतो, हे आपल्या तालुक्याला सांगायला नको. पण वर गेल्यावर कुस्ती खेळायला लावली तर?

आणि गंमत अशी की या गेममध्ये बिछान्यावर आडवं झाल्याशिवाय लेव्हल वाढत नाही. चाणाक्षांनी ओळखलं. त्यांनी हिरोला झोपूच दिलं नाही. पहिल्याच लेव्हलला राहून रिंगणातल्या महाविजेत्याला लोळवून आले पठ्ठे!

थोडक्यात, मोठं न होणं हाच डाव.

वैतागलेल्या चाहत्यांनी मग स्वतःच गेम उसवून शिवला. ‘ऑस्क्युरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल’ नावाचं ठिगळ मूळ कापडापेक्षा टिकाऊ निघालं. कंपनीनेही धडा घेतला, पण अर्धाच. 2011 च्या ‘स्कायरिम’मध्ये जागोजागी खालची-वरची मर्यादा घातली. 2025 मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नव्याने रंगवून विकायला काढला, तेव्हा हिरोची लेव्हल वाढवायची रीत सुधारली. शत्रूंचा फुकटचा खुराक चालूच ठेवला.

कंपन्यांची बाजू आहे, नाही असं नाही. जग मोकळं ठेवलं की खेळाडू आधी डोंगरात जाईल की गुहेत, हे कुणाला ठाऊक? कुठेही गेला तरी जोड तोलामोलाची मिळावी, म्हणून हा खटाटोप. 2001 च्या जर्मन ‘गॉथिक’ने ही काळजी केली नाही. चुकीच्या जंगलात शिरलास? मेलास. अंगात दम आला की परत ये. आणि दम येऊन परत गेल्यावर त्याच जनावराला लोळवण्यात जी मजा होती, तिच्यासाठीच तर माणूस रात्र जागवतो!

तुम्ही म्हणाल, मैदानातही जोड बघूनच लावतात. लावतात ना! मुरगूडला ते कोण शिकवणार? मंडलिकांच्या नावाचं कुस्ती संकुल गावात आहे, तिथल्या पोरी परदेशी मॅटवर खेळून आल्या आहेत. पण पंच जोड निवडतो, जोड फुगवत नाही.

खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेटला सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत एक गट वर, बँटमवेटला उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. समोरचे मल्ल जड होतेच. पण ते आपापल्या देशात, आपापला घाम गाळून जड झाले होते. खाशाबांनी इथे पाच किलो वाढवले म्हणून तिकडे कुणाचे दंड आपोआप फुगले नाहीत.

‘विचर 3’ने त्यातल्या त्यात सभ्यपणा दाखवला. शत्रू वाढवायचे की नाही, याचं बटण खेळाडूच्याच हातात दिलं. ते चालू करून उंदरांकडून मार खाल्लेल्यांनी तक्रार कुणाकडे करायची?

मात्र सगळ्यांवर कडी 1999 च्या जपानी ‘फायनल फँटसी 8’ची. तिथेही शत्रू तुमच्याबरोबर चढतात. पण ताकद लेव्हलपेक्षा गोळा केलेल्या जादूतून जास्त मिळते, आणि राक्षसाला मारण्याऐवजी त्याचा खेळायचा पत्ता करून टाकला तर लेव्हलचा अनुभव मिळतच नाही. मग शहाण्यांनी काय केलं असेल? सैनिकी शाळेतली पोरं, जग बुडायला आलेलं, वाचवायची जबाबदारी त्यांच्यावर. आणि ही पोरं लढाई सोडून पत्ते जमवत बसली.

जग वाचलंही.