मी, नखशिखांत व्हाइट मीट

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "लाल मांस बंद. पांढरं चालेल." मी कोल्हापूरचा. लगेच विचारलं, "म्हणजे पांढरा रस्सा चालेल?" डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी गोळी वाढवली.

उपदेश पचवायचा तर आधी दुसऱ्यांना वाढावा, या न्यायाने त्या रात्री मी घरच्यांना मायोग्लोबिन शिकवलं. स्नायूंत ऑक्सिजन साठवणारं हे प्रथिन. जो स्नायू सतत राबतो त्यात ते जास्त, म्हणून तो गडद. कोंबडी दिवसभर चालते, म्हणून तंगडी सावळी. उडते क्वचित, म्हणून छाती पांढरी. रानबदक लांब उडतं, त्याची छाती लालसर. बांगड्याच्या कुशीतली काळसर पट्टीसुद्धा अखंड पोहण्याची. १९८७ साली अमेरिकेत डुकराचं मांस विकणाऱ्यांनी आपला माल 'दुसरं पांढरं मांस' म्हणून जाहिरातीत रंगवला. तिथल्या सरकारी दप्तरी मात्र तो लालच.

इथवर आलो तेव्हा ताटातलं कालवण गार झालं होतं. बायको म्हणाली, "म्हणजे जो राबत नाही तो पांढरा?" आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

रविवारी ब्रॉयलरच्या दुकानात म्हणालो, "बोनलेस छाती द्या." दुकानदाराने आस्थेने विचारलं, "घरात कोण आजारी हाय काय?"

तर ही छाती. आलं-लसूण चोळा, कांदा-लसूण मसाला थापा. ती काही मनावर घेत नाही. दोन मिनिटं जास्त शिजली की खोडरबर. तिला हाड नाही, म्हणून नळी नाही. आणि नळी नाही तर ताटावर ठोकायचं काय? चोखायचं काय? भावंडांनी भांडायचं कशावरून? आमच्याकडे शेतीच्या वाटण्या शांतपणे झाल्या, नळीच्या कधीच नाहीत.

समोरच आमच्या नेहमीच्या खाटकाचं दुकान. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिथं मला अजून स्वतःचं नाव नाही. माझा नंबर आला की तो आत ओरडतो, "मास्तरांचं अर्धा किलो! पुढचं, दोन नळ्या!" गावात वडिलांचं नाव घेऊन हाक मारणारं आता तेवढं एकच तोंड उरलंय. रिपोर्टात त्याला रकाना नाही.

पिशवी पाठीमागे धरून सटकत होतो, तोच हाक आली, "मास्तरांचं काढून ठेवलंय न्हवं!"

मटणाचा पांढराच रस्सा केला. डॉक्टरांचा शब्द मोडवत नाही. छाती मांजरीला घातली. तिने हुंगली आणि, बायकोने पाहिलं होतं तसं, माझ्याकडे नुसतं पाहिलं.