ब्रिजचे जन्मदाखले

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ नेमका कुठे जन्मला, यावर ब्रिज खेळणाऱ्यांचे एकमत नाही. त्यांचे एकमत एरवीही कशावर होत नाही. भिडूने किलवरचा राजा आधीच का उतरला, या प्रश्नावर दोन सुशिक्षित माणसे पुढचे पत्ते वाटून होईपर्यंत, आणि ती नवरा-बायको असतील तर घरी पोहोचेपर्यंत, चर्चा करू शकतात. अशा मंडळींनी स्वतःच्या खेळाचा इतिहास लिहायला घेतल्यावर तुर्कस्तान, रशिया, इजिप्त, इंग्लंड आणि हिंदुस्थान असे पाच देश दावेदार म्हणून उभे राहिले, यात नवल नाही.

आजोबांबद्दल मात्र वाद नाही. ते म्हणजे व्हिस्ट. चार खेळाडू, समोरासमोर भिडू, प्रत्येकी तेरा पाने. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला व्हिस्ट शिकायला दहा मिनिटे पुरतात, फक्त दश्श्यांचा मोह सोडावा लागतो. वाटणारा शेवटचे पान स्वतःला घेताना ते उताणे टाकी, आणि त्या पानाचा रंग तोच हुकूम. बोली नाही, निवड नाही. या खेळावर लंडनच्या एडमंड हॉइलने १७४२ मध्ये एक छोटे पुस्तक काढले. ते इतके खपले की चोरट्या आवृत्त्या निघाल्या, आणि खरी प्रत ओळखता यावी म्हणून बिचाऱ्या हॉइलला प्रतींवर सह्या करत बसावे लागले.

व्हिस्टचा मोठा दोष असा, की हुकूम नशिबाने ठरतो. डाव हरला तर दोष द्यायला माणूस सापडत नाही. ही उणीव ब्रिजने भरून काढली. हुकूम कोणता हे वाटणाऱ्याने सांगायचे, हवे तर बिनहुकमी खेळ जाहीर करायचा, आणि आपल्याच्याने ठरत नसेल तर ती जबाबदारी समोरच्या भिडूवर ढकलायची. मग त्या भिडूने आपली तेरा पाने टेबलावर रंगवार उताणी मांडून डमी व्हायचे, म्हणजे हात बांधून आपल्या पानांची नासाडी बघत बसायचे. शिवाय विरोधकांना पैज दुप्पट करण्याची मुभा. दोष देण्याची इतकी सोय एका ठिकाणी असलेला बैठा खेळ त्याआधी नव्हता.

ही सोय पहिल्यांदा कागदावर आली १८८६ मध्ये. लंडनला चार पानांचे एक चोपडे छापले गेले, नाव ‘बिरिच अथवा रशियन व्हिस्ट’. ते लिहिणारा जॉन कॉलिन्सन हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये पैशांचे व्यवहार करणारा इंग्रज. त्याच्या चोपड्यात ‘बिरिच’ म्हणणे म्हणजे बिनहुकमी खेळ पुकारणे. वीस वर्षांनी, १९०६ मध्ये, त्याने एका साप्ताहिकाला पत्र लिहून सांगितले, की हा खेळ आपण कॉन्स्टँटिनोपलमधल्या रशियन मंडळींकडून उचलला.

प्रकरण इथेच मिटायला हरकत नव्हती. पण रशियात या नावाचा खेळ कोणाला ठाऊक नव्हता. तिथे ‘विंट’ नावाचा खेळ होता. त्यात बोली होती, पण डमी नव्हता. तेव्हा शोधकर्त्यांनी खेळ सोडला आणि नाव धरले. जुन्या रशियनमध्ये ‘बिरिच’ म्हणजे दवंडी पिटणारा, आणि हुकूम पुकारणे ही दवंडीच, असे एक म्हणाला. तुर्कीत ‘बिर’ म्हणजे एक आणि ‘उच’ म्हणजे तीन. एक हात उघडा, तीन झाकलेले, असे दुसरा म्हणाला. दोन्ही व्युत्पत्त्या ऐकायला सुरेख आहेत. त्यातली एकही कोणत्या खेळाडूच्या तोंडून उतरवून घेतलेली नाही.

ज्यांना तुर्कीही येत नव्हते आणि रशियनही नाही, त्यांनी नाव सरळ इंग्रजी धरले आणि पूल शोधायला निघाले. एक पूल सापडला कॉन्स्टँटिनोपलमध्येच. क्रिमियन युद्धाच्या काळात इंग्रज अधिकारी गलाता पूल ओलांडून पलीकडच्या कॉफीघरात पत्ते कुटायला जात, म्हणून खेळाचे नाव पूल. पूल तेव्हा होता, अधिकारी होते, कॉफीही असणार. मात्र ते तिथे ब्रिजच खेळत होते, असे दाखवणारा त्या वेळचा कागद नाही. शिवाय या न्यायाने पत्त्यांच्या प्रत्येक खेळाला वाटेतल्या बोळाचे नाव पडायला हवे.

दुसरा पूल इंग्लंडातल्या लेस्टरशायर परगण्यात, ग्रेट डॅल्बी गावाजवळ. तिथली दोन कुटुंबे आळीपाळीने एकमेकांकडे खेळायला जात, आणि मधला पूल इतका मोडकळीला आलेला, की अंधारात परतणे म्हणजे जिवाशी गाठ. निरोप देताना यजमान समाधानाने म्हणत, की आज पूल तुमच्या वाट्याला, उद्या आमच्या. या कथेत पुरावा अजिबात नाही, पण शेजारधर्माचे चित्रण अचूक आहे. तो पूल दुरुस्त करावा असे दोन्ही घरांपैकी कोणालाच वाटले नाही, यावरून ती मंडळी खरोखरच पत्त्यांच्या नादी लागलेली असावीत.

इजिप्तचा साक्षीदार यापेक्षा भरवशाचा आहे. अँथनी कीली हे अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे वकील. १८८५ मध्ये अमेरिकेने त्यांना वकिलातीवर आधी इटलीत नेमले. इटलीच्या राजाने पोपची राज्ये घेतली तेव्हा कीलींनी जाहीर सभेत निषेध केला होता, म्हणून इटलीने त्यांना नाकारले. मग ऑस्ट्रियात नेमले. त्यांची पत्नी ज्यू असल्याचे कारण काढून ऑस्ट्रियानेही दार लावले. शेवटी त्यांची रवानगी इजिप्तमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर न्यायाधीश म्हणून झाली. १८८६ मध्ये ते कैरोच्या खेदिवियल क्लबाचे सभासद झाले, आणि त्यांनी पुढे लिहून ठेवले की तिथे ब्रिज हाच मुख्य खेळ होता, तोही बऱ्याच काळापासून. सभासदांच्या सांगण्याप्रमाणे तो आला होता कॉन्स्टँटिनोपलहून. म्हणजे इजिप्तच्या साक्षीदाराने साक्ष दिली ती तुर्कस्तानच्या बाजूने. दोन देशांनी परत पाठवलेल्या माणसाकडे खोटे बोलण्याचे कारणही नव्हते.

पुरावा असा एकाच शहराकडे बोट दाखवतो. वकिलातींचे चिटणीस, पेढीवाले, दुभाषे, व्यापारी, कोणी ग्रीक, कोणी रशियन, कोणी इटालियन, कोणी इंग्रज: बॉस्फरसच्या काठी या लोकांना पगार भरपूर, काम बेताचे आणि संध्याकाळ लांबलचक होती. नवा पत्त्यांचा खेळ तयार व्हायला याहून वेगळे काही लागत नाही. पुढेही या खेळात जी जी सुधारणा झाली ती पगार चालू आणि काम बंद अशा अवस्थेतल्या माणसांनीच केली.

लंडनमध्ये ब्रिज शिरला तो चुकून, अशी कथा आहे. साल १८९४, जागा पोर्टलंड क्लब, म्हणजे व्हिस्टचे देवघर. लॉर्ड ब्रूम पत्ते वाटत होते. बावन्नावे पान आले. तिघे जण ते उलटण्याची वाट बघत होते, कारण त्यावरच हुकूम ठरायचा. लॉर्डसाहेबांनी ते न उलटता सरळ आपल्या हातातल्या बारांत सरकवले आणि पाने लावू लागले. त्या क्लबात हा गुन्हाच. डाव फुकट गेला. साहेब म्हणाले, माफ करा, मला वाटले मी ब्रिजच खेळतोय. साहजिकच सगळ्यांनी विचारले, ब्रिज म्हणजे काय? काही काळातच त्या क्लबात व्हिस्टला भिडू मिळेनासे झाले. ही कथा घासूनपुसून चकचकीत केलेली वाटते खरी, पण पोर्टलंड क्लबाने पुढच्याच वर्षी ब्रिजचे नियम ठरवायला घेतले, तेव्हा तिच्यात तथ्य असावे. अमेरिकेत हा खेळ पॅरिसमार्गे गेला, साधारण त्याच सुमाराला, आणि त्याबद्दल फारसे भांडण नाही.

खरे भांडण पुढच्या पायरीचे. हुकूम ठरवण्याचा मान फक्त वाटणाऱ्याला का? तो लिलावात काढावा, जो जास्त हात करण्याची बोली देईल त्याचा हुकूम, ही कल्पना कोणाची? प्रचलित उत्तर असे, की हिंदुस्थानातल्या कुठल्याशा आडवळणी ठाण्यावर तीन इंग्रज सनदी अधिकारी होते. ब्रिजला चौघे लागतात, आणि पंचक्रोशीत चौथा ‘खेळण्याजोगा’ माणूस नव्हता. पंचक्रोशीत अर्थात हजारो माणसे होती, पण ती मोजायची ती महसुलापुरती. मग तिघांनी चौथा हात डमी म्हणून मांडला आणि तो कोणाला मिळावा यासाठी बोली लावली. लिलाव पुकारणे हे त्यांचे रोजचेच काम होते. सरकारी ठेके ते याच पद्धतीने देत.

या दाव्याच्या बाजूला एक पुस्तक आहे: १९०४ मध्ये अलाहाबादला निघालेले, तिघांच्या ऑक्शन ब्रिजवरचे. लेखकाचे नाव ‘जॉन डो’, म्हणजे कोर्टकचेरीत अनामिकाला देतात तसे टोपणनाव. खरे आडनाव होते रो. विरुद्ध बाजूला एक पत्र आहे: १९०३ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ऑस्वल्ड क्रॉफर्ड यांनी याच पद्धतीचे वर्णन छापले. क्रॉफर्ड हे पोर्तुगालात अनेक वर्षे वकिलातीत काढून निवृत्त झालेले. तारीख क्रॉफर्डची आधीची, कथा हिंदुस्थानची चांगली. इतिहासकारांनी तारखेला मान दिला आणि वाचकांनी कथेला.

ऑक्शन ब्रिजमध्ये एक खोच राहिली होती. बोली सातची देऊन हात दहा केले, तरी दहाही गेमसाठी, म्हणजे बाजी जिंकायला लागणाऱ्या गुणांत, धरले जात. त्यामुळे जड पाने हातात असूनही माणसे हळू आवाजात किमान बोली देत. ही लबाडी बंद करायची तर नियम एकच: जितक्या हातांची बोली केली तितकेच गेमला धरायचे, वरचे नाही. हा नियम पुण्यात, पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९१२ च्या सुमाराला खेळून पाहिला गेला. खेळणाऱ्यांत ह्यू क्लेटन हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी होते, आणि चौघांची आद्याक्षरे जोडून त्या प्रकाराला ‘सॅक’ म्हणत. खेळ पुण्याबाहेर फारसा गेला नाही. पुण्यात चाललेली गोष्ट बाहेरही चालायला हवी, असा आग्रह पुण्याने कधीच धरलेला नाही. फ्रान्समध्ये युद्ध संपता संपता हीच कल्पना ‘प्लाफाँ’ नावाने आली आणि तिथे चांगली रुजली.

शेवटचा हात फिरवला हॅरल्ड व्हँडरबिल्टने. रेल्वेत गडगंज झालेल्या घराण्यातला हा चौथ्या पिढीचा वारस. शिडाच्या बोटींच्या शर्यती आणि ब्रिज ही त्याची दोन पूर्णवेळची कामे. १९२५ च्या ऑक्टोबरात तो तीन मित्रांसह ‘फिनलंड’ बोटीने लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला निघाला. बरोबर गुणांकनाचा नवा तक्ता होता: प्लाफाँचा नियम, स्लॅमला, म्हणजे सगळे किंवा एक सोडून सगळे हात करण्याला, घसघशीत बक्षीस, फाजील बोलीला जबर दंड. ३१ ऑक्टोबरला बोट कालव्याच्या तोंडाशी पोहोचली, पण उशिरा. त्या रात्री ना पुढे जाता येईना ना किनाऱ्यावर उतरता येईना. चौघांच्या डावात बोटीवरची एक तरुणी सामील झाली. तिने चीनमध्ये शिकलेल्या एका खेळाच्या आधारे बऱ्याच सूचना केल्या, त्यातल्या बहुतेक कोणाला पटल्या नाहीत. एक गेम जिंकून बसलेल्या बाजूचा दंड वाढतो, तिला काय म्हणावे यावर अडले होते. तिने सुचवले, ‘व्हल्नरेबल’. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबर १९२५ ला, नव्या पद्धतीने गुण मांडले गेले. हाच कॉन्ट्रॅक्ट ब्रिज. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबांनी नियम छापले, आणि दोन-तीन वर्षांत ऑक्शन ब्रिज मागे पडला. ती तरुणी कोण होती याचा पुढे बराच शोध झाला. ती सापडली नाही.

दाव्यांचा निकाल द्यायचाच तर तो असा. मूळ खेळ कॉन्स्टँटिनोपलचा. रशिया आणि इजिप्त हे साक्षीदार, मालक नव्हेत. लेस्टरशायरचा दावा खर्चासह फेटाळला जातो. लिलावाचे श्रेय हिंदुस्थान आणि क्रॉफर्ड यांच्यात वादग्रस्त. कॉन्ट्रॅक्ट ब्रिज ‘फिनलंड’ बोटीवरचा, कारण तारीख, ठिकाण आणि साक्षीदार तिन्ही फक्त तिथेच मिळतात. पुण्याला यात काही मिळत नाही, आणि ते नियमाला धरूनच आहे: बोली न केलेले हात धरायचे नाहीत, असे तिथल्या चौघांनीच ठरवले होते.