खुबा गेला, खुमखुमी राहिली

चाळिशीत साताऱ्याचा यवतेश्वर घाट पळत चढून पळतच उतरणारा माणूस पन्नाशीत सत्यनारायणाच्या पूजेला खुर्ची मागतो, तेव्हा चारचौघांना त्याची कीव येत असेल, असा माझा समज होता. कीव कोणालाच येत नाही. सगळ्यांना ती खुर्ची हवी असते.

झालं असं, की माझ्या डाव्या मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो गोळा असतो, त्याचा रक्तपुरवठा बंद पडला आणि गोळा आतून खचला. हे पळण्यामुळेच झालं असणार, अशा मोठ्या आशेनं आमची ही डॉक्टरांसमोर बसली होती. पण डॉक्टर म्हणाले, पळण्याचा काही संबंध नाही, पुष्कळ जणांत कारण सापडतच नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिचा इतका हिरमोड मी पाहिला नव्हता. मग माझा मूळचा गोळा कापून काढून तिथे टिटॅनियमचा दांडा, सिरॅमिकचा गोळा आणि प्लॅस्टिकचं अस्तर असलेली वाटी असा नवा संच बसवला. पंधरा-वीस वर्षं आरामात टिकेल म्हणाले. "म्हणजे फ्रीजपेक्षा बरं," ही म्हणाली.

सुरुवातीचे काही महिने कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, झोपताना दोन पायांत उशी. त्यामुळे जमिनीवर पडलेली वस्तू ही माझ्यासाठी जगातून गेलेली वस्तू होती, आणि डाव्या पायात मोजा चढवायला मुलाची मनधरणी करावी लागे. फिजिओथेरपीची मुलगी रोज येऊन "काका, बसायची जागा आवळा, दहा मोजा, सोडा" असं सांगायची. हा व्यायाम कुठेही, कोणालाही न कळता करता येतो, असं तिनं सांगितल्यामुळे मी तो बँकेच्या रांगेत करत असे. कोणालाही न कळता हा भाग मला कधी जमला नाही. खिडकीतल्या बाईंनी माझा चेहरा बघून आधी पाणी पुढे केलं, आणि मग हळूच स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवलं.

डॉक्टरांना मी विचारलं, "पळू का?" चाला, पोहा, सायकल चालवा, असं ते उत्साहानं सांगत होते ते एकदम थांबले. धावताना दर पावलाला खुब्यावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो, वगैरे समजावून शेवटी म्हणाले, "अगदीच राहवलं नाही तर थोडं, सावकाश, पण स्पर्धाबिर्धा नको." यातला 'पळा' एवढाच शब्द मी घरी घेऊन आलो. वास्तविक तो त्यांनी उच्चारलाच नव्हता.

हिला पटवायला मी टेनिसपटू अँडी मरे काढला. जानेवारी २०१९ मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया आणि जूनमध्ये लंडनला क्वीन्स क्लबच्या दुहेरीचं विजेतेपद! "त्याचं वय काय होतं?" हिनं विचारलं. बत्तीस. "आणि तुमचं?" एकावन्न. शिवाय त्याचा मूळचा गोळा शाबूत ठेवून डॉक्टरांनी त्यावर नुसती धातूची टोपी घातली होती. मला टोपी मीच घालून घेत होतो.

तळजाईच्या टेकडीवर पहाटे सराव सुरू झाला. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. माझ्या बाबतीत यातलं पळणं कोणतं आणि चालणं कोणतं हे बघणाऱ्याला ओळखू येत नसे, म्हणून पळताना मी हात जरा जोरात हलवायचो. आमच्या सोसायटीतले अप्पा, वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे बदललेले, रोज मला मागून गाठायचे, "चालू द्या, चालू द्या" म्हणायचे आणि पुढे निघून जायचे. ते चालत असत. मी हात हलवत असे.

एवढ्या भांडवलावर मी दहा किलोमीटरच्या एका स्पर्धेत नाव घातलं, तेही हौशी गटात नाही, वयोगटाच्या बक्षिसांसाठी. बंदूक वाजली आणि माझा वयोगट मला सोडून गेला. पहिल्या किलोमीटरला मी एका करड्या शेंडीवाल्या गृहस्थाला प्रतिस्पर्धी नेमलं, तो दिसेनासा झाल्यावर बाबागाडी ढकलणाऱ्या एका बाईंना, त्याही दिसेनाशा झाल्यावर झेंडूच्या माळा घेऊन लगबगीनं निघालेल्या फुलवाल्याला, आणि तो स्पर्धेत नव्हताच. सातव्या किलोमीटरनंतर मागून रुग्णवाहिका आली ती आलीच. माझ्याच वेगानं, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत. तिच्या मागे अडथळे उचलणारे पोलीस, त्यांच्या मागे खोळंबलेली बस आणि रिक्षा. एवढा ताफा बघून फुटपाथवरचे लोक मला कोणी मोठा माणूस समजून टाळ्या वाजवू लागले. मीही हात केला. त्या नादात लय चुकली आणि रुग्णवाहिकेतला पोरगा दार उघडून म्हणाला, "काका, या ना आत, एसी आहे."

मी गेलो नाही. शेवटच्या टप्प्यात मात्र मला एक ओळखीची पाठ दिसली आणि नव्या खुब्यासकट सगळं अंग पेटून उठलं. ते अप्पा होते. अंतिम रेषा ओलांडून, पदक गळ्यात घालून, केळं खाऊन ते माझ्याकडे पाठ करून छोले-भटुऱ्यांच्या रांगेत उभे होते. वळून बघत म्हणाले, "चालू द्या, चालू द्या."

वयोगटात मी शेवटून पहिला आलो. पुढच्या स्पर्धेचे पैसे भरले आहेत, ते परत मिळत नाहीत. तेव्हा तुमच्यापैकी कोणाची अप्पांशी ओळख असेल, तर कृपा करून त्या रविवारी सकाळी त्यांना नाश्त्याला घरी बोलवा आणि दहापर्यंत सोडू नका.