१८ टक्के राखाडी

भाचीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मी अंतरपाटापुढे राखाडी पुठ्ठा धरून उभा राहिलो, ही गोष्ट आमच्या घराण्यात अजून चवीने सांगितली जाते. सांगणारे 'पुठ्ठा' म्हणतात तेव्हा मला फार लागतं. ते ग्रे कार्ड होतं. अंगावर पडलेल्या प्रकाशातला बरोबर १८ टक्के परत पाठवणारं आणि सगळ्या रंगांना सारखं वागवणारं. हा दुसरा गुण आमच्या नातेवाइकांत कोणाकडे आढळलेला नाही.

कार्यालयात वर पिवळे दिवे, तीन हजार केल्विनच्या आसपासचे. भिंतींवर पांढऱ्या ट्यूब. स्टेजमागे जांभळा एलईडी. आणि दारातून आत घुसणारं वैशाखातलं ऊन, साडेपाच हजारांचं. अशा चौरंगी लढतीत पांढरं कशाला म्हणायचं, हे कॅमेऱ्याला कोणीतरी सांगायला नको? मी सांगत होतो. गुरुजींना ते आहेराचं पाकीट वाटलं. "शुभमंगल झाल्यावर," असं ते हळूच म्हणाले. भाचीच्या आजेसासऱ्यांनी तर त्याला तबक समजून त्यावर मूठभर अक्षता ठेवल्या. मी त्या झटकल्या आणि पुन्हा 'सावधान'ला सावध झालो.

आठवड्याभराने फोटो आईला दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही कोणाची पैठणी नेसले मी?"

"तुझीच."

"माझी वांगी आहे. ही कुठली निळी?"

मग मी तिला सेन्सर समजावून सांगितला. कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात रंगांधळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी त्याच्यासमोर लाल, हिरव्या, निळ्या चौकोनांची जाळी लावायची युक्ती काढली. तिचं पेटंट १९७६ चं. चार चौकोनांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. एका चौकोनाला एकच रंग कळतो, उरलेले दोन तो शेजारपाजारी विचारून ठरवतो. म्हणजे आमच्या सोसायटीत माहिती फिरते तसंच. त्यात जांभळ्याच्या कुळातले रंग त्याला नीट झेपत नाहीत, निळ्याकडे झुकतात.

आई म्हणाली, "एवढं माहीत होतं तर मग नीट काढायचा."

इथे थोडं विषयांतर करतो. 'वांगी' हे काय रंगाचं नाव झालं, असं मी त्या दिवशी फणकाऱ्याने विचारलं होतं. कोणतं वांगं? जळगावचं भरताचं वांगं तर हिरवट असतं. पण आईच्या रंगांचा कारखाना स्वयंपाकघरातच आहे. श्रीखंडी, लिंबू, पिस्ता, डाळिंबी, अंजिरी, आमसुली. तिच्या चाळीसेक रंगांपैकी निम्मे खाता येतात. आमसुली म्हटलं की मी विचारायचो, कोरडं आमसूल की भिजवलेलं? त्यावर ती, "भिजवून पिळलेलं," असं तत्काळ सांगायची, आणि दुकानदार तेवढ्यावर गठ्ठ्यातून नेमकी साडी ओढायचा. माझा कॅमेरा १ कोटी ६७ लाख रंग दाखवतो, पण त्यांतल्या एकालाही हाक मारायची सोय नाही. नुसते आकडे, कैद्यांना असतात तसे. राणी कलर कोणत्या राणीचा, ते मला अजून कळलेलं नाही. चिंतामणी नक्की कोणता यावर आमच्या घरात दोन तट आहेत आणि दोन्ही तटांना मोरपंखी मात्र अगदी पक्का माहीत आहे. धूपछाव तर सगळ्यांवर कडी: उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या, बाई वळली की साडी बदलली. त्याला पांढऱ्याचा तोल लावून दाखवा! राखाडीला मात्र या दरबारात मान नाही. नवरात्राच्या रंगांत ग्रे आला की बायका ज्या चेहऱ्याने कपाट उघडतात, तो चेहरा मी १८ टक्क्यांच्या वतीने मनाला लावून घेतो.

असो. लग्नाचा अधिकृत अल्बम आला तो तर आणखी वेगळा. आमची भाची छान सावळी आहे. अल्बमवाल्याने तिला पिठात घोळवून काढली होती. मी फोन केला, तर म्हणाला, "साहेब, सगळे असंच मागतात. तसाच ठेवला तर पैसे कापतात." यावर मला विनोद सुचला नाही, अजूनही सुचत नाही. आपल्या पोरीचा रंग बरोबर यावा असं त्या हॉलमध्ये किती जणांना वाटत होतं?

पुढच्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी एकाच डोळ्याचं. पट्टी निघाल्यावर तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा.

"ह्या डोळ्याने पांढरी," ती म्हणाली, "आणि ह्या डोळ्याने बासुंदी."

डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं पडतं आणि निळा अडवून धरतं, हे मी वाचलं होतं. चित्रकार मोने यांच्याही एकाच डोळ्याचं ऑपरेशन १९२३ साली झालं, हेही मी लोकांना ऐकवत असे. आई किती वर्षं बासुंदीतून बघत होती, हे मात्र मी तिला कधी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने पैठणी काढली. नव्या डोळ्याने पाहिली. घडी मोडली, पदरावरच्या मोरावरून बोट फिरवलं.

"ही तर तुझ्या फोटोसारखीच दिसते रे," ती म्हणाली. "ह्यांनी येवल्याहून आणली तेव्हा अशी नव्हती."

जिंकल्यावर असं वाटतं हे मला माहीत नव्हतं. आणि जिंकलोही नव्हतोच. त्याच संध्याकाळी कार्ड उन्हात धरलं तर मधोमध हळदीचा डाग, आजेसासऱ्यांच्या अक्षतांचा. पिवळ्या डागाला राखाडी समजून कॅमेरा इमानेइतबारे सगळं निळं करत होता. वर्षभर मी जगाचा तोल हळदीवर साधत होतो.

"त्यात पहिल्यासारखा रंग करता येतो का?" आईने विचारलं.

मी संगणकावर तो फोटो उघडला आणि केल्विनची पट्टी सरकवू लागलो. बरोबर रंगापाशी आलो, तिथे ती काही बोलली नाही. पुढे गेलो. सहा हजार. साडेसहा. मंडप पिवळा झाला, गुरुजींचं उपरणं हळदीत बुडवल्यासारखं दिसायला लागलं.

"थांब. हा."

फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. तुमच्यापैकी कोणी घरी आलंच, आणि रंगांतलं तुम्हाला कळत असलं, तर कृपा करून त्याबद्दल काही बोलू नका. आई आतल्या खोलीतच असते आणि कान चांगले आहेत.