पेटीतला सनईवाला

चाळीसगावात पंचांग मन लावून वाचणारे लोक दोनच प्रकारचे: भटजी आणि कीबोर्डवाले. भटजी मुहूर्त बघतात, आम्ही मुहूर्त नसलेले महिने मोजतो. तुळशीचं लग्न लागलं की फोन वाजायला लागतो, पौषात गपगार पडतो, माघ-फाल्गुनात अधूनमधून खोकतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला मात्र एकाच तारखेला पाचोरा, नांदगाव आणि धुळे अशा तीन दिशांनी बोलावणं येतं, आणि तिन्ही घरच्यांना त्या दिवशी जगात आपलंच एक लग्न आहे असं वाटत असतं. आषाढीला देव झोपतात, त्यांच्यासोबत आमचा धंदाही. त्यातून दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो, आणि तो नेमका कुठे येतो यावर आमच्या घराचं छप्पर गळणार की नाही हे ठरतं. 2018 मध्ये ज्येष्ठच अधिक होता. 2026 लाही ज्येष्ठच, 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन सराईच्या छातीवर. गावच्या जावयांना त्या महिन्यात अनारसे आणि चांदीचं वाण. आमच्या पदरी नुसता धोंडा.

कीबोर्डवाला काय करतो, तर वाजवतो, असं लोकांना वाटतं. वाजवणं हा आमच्या कामातला सगळ्यात लहान तुकडा. बाकीचा वेळ उचलण्यात आणि वाट बघण्यात जातो. नवरदेव पारावरून निघायची वाट, जनरेटरवाला यायची वाट, रुसलेल्या मामाची समजूत पटायची वाट. शेतातल्या मांडवात स्टँडचा एक पाय हमखास ढेकळावर येतो, मग विटेचा तुकडा शोधायचा. सस्टेनचं पेडल मातीत रुतून बसतं, आणि एकदा दाबलेला सूर वऱ्हाड जेवून उठेपर्यंत घुमत राहतो. खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास घुटमळतो. उन्हात ठेवलेल्या कीबोर्डच्या काळ्या पट्ट्या आधी तापतात आणि पांढऱ्या मागून. त्यामुळे दुपारच्या हळदीला शक्यतो पांढऱ्या पट्टीतली गाणी निघतात. यामागे संगीतशास्त्र आहे असं गायकाला वाटतं, आणि मीही त्याला तसं वाटू देतो.

हळद हा वेगळा विषय आहे. ती नवऱ्या मुलाला लागते, करवलीला लागते, आणि मग कोणीतरी प्रेमाने ‘भाऊलेबी लावा’ म्हणून आमच्याकडे वळतं. गालावरची हळद आंघोळीला जाते. कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या फटीत गेलेली जात नाही. पावसाळ्यात निवांत बसून मागचे स्क्रू काढावेत, पट्ट्या उचलाव्यात आणि जुन्या टूथब्रशने साफ करावं, तर आत सगळ्या तालुक्याची लग्नं पिवळीधमक होऊन पडलेली असतात. सोबत दोन-चार तांदळाच्या अक्षता आणि हॅलोजनवर झेपावता झेपावता चुकून खाली आलेले किडे. 61 पट्ट्यांपैकी सगळ्यात वरची, कोपऱ्यातली पट्टी सर्वांत आधी खराब होते. ती आम्ही कधीच वाजवत नाही. ती मांडवातली पोरं वाजवतात.

एका हळदीत एक म्हातारी बराच वेळ माझ्या बाजूला उभी राहून बघत होती. मी सनईचा टोन लावला होता. तिने आधी स्पीकरच्या मागे जाऊन पाहिलं, मग कीबोर्डच्या खाली वाकून पाहिलं, आणि शेवटी न राहवून विचारलं, “भाऊ, या पेटीमा सनईवाला कथा बठेल शे?” मी बोट लावून बटण दाखवलं. तिने त्या बटणाकडे अशा काही दयेने पाहिलं, जणू बिचाऱ्या सनईवाल्याला आत पाणीसुद्धा कोणी विचारलं नसेल.

त्या पेटीतल्या सनईची खरी मेहनत डाव्या हाताला असते. उजवा हात सूर दाबतो, डावा हात कडेच्या चाकावर. चाक हळूच वर ढकललं की सूर एका जागेवरून दुसरीकडे घसरत जातो, म्हणजे मींड. ही मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनिअमवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला 1971 उजाडलं. एवढ्या मोठमोठ्या लोकांनी ज्या मींडेसाठी तीस वर्षं पेटीला दाराबाहेर उभं केलं, ती आता अंगठ्याएवढ्या चाकात आली आहे. आणि मांडवात ती ऐकायला कोण असतं? घासलेल्या परातीतून वांग्याची भाजी वाढणारा पोऱ्या. तोही ‘जरा सरका’ म्हणतो.

रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नको हा नियम 2000 सालापासून आहे. त्यामुळे आमच्या कलेचा कळस नेहमी पावणेदहा ते दहा या पंधरा मिनिटांत होतो. संध्याकाळभर खुर्चीत बसून मिशीला पीळ देत असलेले काका याच वेळी उठतात, खिशातला रुमाल काढून दातात धरतात, आणि ओरडतात, “भाऊ, नागिन वाजाड!” मग एकजण पुंगीवाला होतो, एकजण साप होऊन मातीत लोळतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला कोणत्या तोंडाने जायचं हा प्रश्न त्यांच्या बायकोला पडतो.

काही रसिक मंडळी या वेळी जवळ येऊन हळहळतात, ‘काय हो, पूर्वी खऱ्या पुंगीवर वाजायचं हे, आता मशीन आलं.’ अशांना मी पूर्वी काही बोलत नसे, आता बोलतो. 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटात संगीत हेमंतकुमार यांचं होतं, आणि ती सगळ्या देशाला डोलवणारी पुंगी म्हणजे पुंगी नव्हतीच. ती कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या कीबोर्डवर वाजवली, सोबतीला रवी हार्मोनिअमवर. दोघेही पुढे स्वतः संगीतकार झाले. म्हणजे वरातीतल्या मातीत लोळणारा साप पहिल्यापासूनच कीबोर्डवर डोलतो आहे. हे ऐकून रसिकांचा चेहरा पडतो. मला मात्र तेवढ्या पंधरा मिनिटांपुरतं घराण्याचा वारसदार असल्यासारखं वाटतं.

हल्ली पोरांना मात्र वेगळीच शंका येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा बॅन्डच्या गाडीवर स्पीकरच्या भिंतीआड बसून वाजवलं, की पोरं वर चढून बघतात की मी खरंच वाजवतोय की पेनड्राइव्ह लावलाय. अहिराणी गाणी यूट्यूबवर इतकी चालतात की नवं गाणं आज आलं तर उद्याच्या वरातीत ते यायलाच पाहिजे. ‘हाई झुमका वाली पोर’ तर असं बसलंय की झोपेत बोटं चालतात. पण जसंच्या तसं वाजवलं तर पोरांना ते रेकॉर्ड वाटतं, म्हणून मी मधेच एखादा सूर मुद्दाम वाकडा लावतो. मग त्यांची खात्री पटते, की आत माणूस आहे.

श्रावणात कानबाई देवी येते तेव्हा या सगळ्या हुशारीचा निकाल लागतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. गाणी बायकांची, पिढ्यान्‌पिढ्या तोंडावर असलेली. ऑर्केस्ट्रातला गायक आधी सांगतो, काळी चार, पांढरी पाच. इथे विचारायची सोय नाही. एक काकू सुरू करतात, मी आवाज बारीक करून एका बोटाने त्यांचा सा शोधतो, सापडला की ट्रान्सपोजचं बटण दाबतो, तोवर दुसऱ्या कडव्याला जावबाई येतात आणि त्या आपल्या माहेरच्या पट्टीत जातात. पुन्हा एक बोट, पुन्हा बटण. तिसऱ्या कडव्याला सासूबाई. कुठल्याही रागाच्या पुस्तकात नसलेली ही चढण प्रसादाचे रोट खाऊन झाल्यावरही संपत नाही, आणि गंमत अशी की साथ सोडून मी नुसता बसून राहिलो, तर गाणं जास्त छान लागतं. त्या रात्री मी दोनदा तसा बसून राहतो. कोणाच्या लक्षात येत नाही. पाकीट पूर्ण मिळतं.

जेवणाबद्दल मात्र तक्रार नाही. कळण्याची भाकरी, भरीत, लग्नाची डाळ-बट्टी, यांच्यासाठी माणूस कीबोर्ड काय, ढोलही खांद्यावर घेऊन फिरेल. अडचण एवढीच, की पंगत बसली की यजमानांना वाटतं आता संगीत हवं, आणि संगीत संपलं की पंगत उठलेली असते. मग कोणीतरी माउली आचाऱ्याला दटावते, “बाजावालासले आधी वाढा रे.” अशा घरी पुढच्या लग्नाला मी दर कमी लावतो. हे धंद्याच्या दृष्टीने चुकीचं आहे, पण बट्टीत तूप किती सोडलं होतं ते आठवतं आणि आकडा तोंडातून आपोआप खाली येतो.

रात्री उशिरा स्टेशनाच्या रस्त्याने घरी येताना छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला लागतो. मूस यांनी आयुष्याचा मोठा भाग त्या बंगल्यात काढला. दार लावून घेतलं, बाहेर फारसे पडलेच नाहीत, आणि आत बसून चित्रं काढली, टेबलावर कागद-काड्या मांडून फोटोत अख्खे देखावे उभे केले. 1989 ला गेले. एका प्रेयसीसाठी रोज रात्री पंजाब मेलची वेळ होईपर्यंत दार उघडं ठेवून जागायचे, असं गावात सांगतात. चाळीसगावात कलावंताचे दोन नमुने झाले म्हणायचे: एक जो घराबाहेर पडला नाही, आणि एक मी, जो सराईत घरी सापडत नाही. गाडीची वाट बघायचं काम इथे माझ्या बायकोकडे आहे. आणि ती दार उघडं ठेवत नाही. आतून कडी लावून झोपते, आणि मी तीनदा हाक मारल्याशिवाय ती उघडत नाही.

परवाच एका गृहस्थांचा फोन आला. मुलाचं लग्न, हळद आणि वरात दोन्ही. मी आकडा सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “अहो, पण माणूस तर तुम्ही एकटेच येणार ना?”

मी समजावलं, “एकटा कसा, दादा? सनईवाला माझ्यातच, बासरीवाला माझ्यातच, व्हायोलिनवाले चौघे, ढोलकी, ट्रम्पेट, सगळे माझ्यातच. वेगवेगळे आणले असते तर नुसता जेवणाचाच हिशोब केवढा झाला असता.”

त्यांना ते पटलं. बायकोशी काहीतरी बोलले, कॅल्क्युलेटरची बटणं वाजल्याचाही आवाज आला. मग म्हणाले, “बरं, मग असं करा भाऊ. त्यातले व्हायोलिनवाले आणू नका. त्यांचे कमी करा.”